जरा आडवं होऊ द्या

दूध उतू जातंय, एवढंच लीलाधरला सांगायचं होतं. पुढच्या खोलीत त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर बसलं की थेट स्वयंपाकघरातला गॅस दिसतो, आणि पातेल्याच्या काठाशी साय वर चढताना दिसत होती. वाक्य तोंडात अगदी तयार होतं, आतल्या आत ऐकूसुद्धा येत होतं. बाहेर आलं ते "फलाट." त्याचं त्यालाच हसू आलं. निवृत्त होऊन वर्ष उलटलं तरी एसटी काही तोंडातून जात नाही, असं मनाशी म्हणत त्याने पुन्हा सांगायला घेतलं, आणि पुन्हा "फलाट"च आलं. दूध गॅसवर गेलं, जळका वास सुटला, मागच्या दारातून त्याची बायको यशोदा धावत आली आणि सवयीने बोलून गेली, "समोर बसून बघताय नुसते, तोंडानं सांगता येत नव्हतं?" येत नव्हतं, हेच तर. तो मांडीवरचं वर्तमानपत्र बाजूला ठेवायला गेला, तर उजवा हात त्यावर तसाच पडून राहिला, कुणी प्रवासी बाकावर पिशवी विसरून गेल्यासारखा. मग तो घाबरून उठायला गेला आणि खुर्चीसकट फरशीवर आला.

आणि फरशीवर त्याला बरं वाटलं. ही गोष्ट पुढे दिवसभर तो कुणालाही पटवून देऊ शकला नाही, पण ती खरी होती. मार्चातलं धुळ्याचं ऊन खिडकीतून आत आलं होतं, तरी शहाबादी फरशी डोक्याच्या मागे गार लागत होती. तो उताणा पडला होता. थोड्या वेळाने डोक्यात डाव्या बाजूला कसलीतरी ऊब पसरली, उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, आणि एकेक शब्द आपापल्या जागी येऊन उभा राहिला. दूध. पातेलं. यशोदा. "यशोदा, घाबरू नको," तो म्हणाला, अगदी स्वच्छ, "जरा आडवं पडू दे मला." यशोदा त्याच्या उशाशी बसली होती, ती रडता रडता हसली. एवढ्यावर थांबलं असतं तर किती बरं झालं असतं! पण देवघरातून अक्का बाहेर आली. भाऊ फरशीवर उताणा, वहिनी उशाशी बसून रडतेय, एवढंच तिने पाहिलं, आणि हातातलं निरांजन खाली ठेवायचंही भान तिला राहिलं नाही.

"उठाडा त्याले!" अक्का ओरडली. "असा भुईवर नका ठेवू. बठ्ठा जण हात लावा!"

समोरच्या किराणा दुकानातून मांगीलालशेठचा अखिल आला, साप्ताहिक सुटीसाठी दीपनगरहून घरी आलेला मुलगा कुंदन न्हाणीतून अर्धा ओला धावत आला. चार जणांनी मिळून लीलाधरला उचलून खुर्चीत बसवलं. डोकं जसं वर येत गेलं तसे शब्द खाली गळत गेले. खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली तेव्हा तोंडात पुन्हा एकच शब्द होता, आणि तोही नको असलेला. सगळे त्याच्याकडे बघत होते. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. "नाना, काय होतंय?" कुंदन विचारत होता. नानाला नेमकं माहीत होतं काय होतंय. नानाला ते सांगता येत नव्हतं.

धुळ्याच्या स्टँडवर तो वाहतूक नियंत्रक होता, आणि तिथल्या जुन्या माइकची वायर आतून तुटलेली होती. माइक एका बाजूला वाकवला की आवाज अख्ख्या स्टँडभर घुमायचा, सरळ धरला की मुका व्हायचा. कितीदा मागणी केली तरी नवीन वायर आली नाही. शेवटी लीलाधरने ती नेमक्या कोनात वाकवून रबराने बांधून टाकली आणि त्यावर वर्षानुवर्षं चोपड्याच्या, शिरपूरच्या, साक्रीच्या गाड्या पुकारल्या. एखादा नवीन माणूस पाळीवर आला की माइक नीट दिसावा म्हणून रबर सोडून टाकायचा आणि मग आवाज नाही म्हणून बोंबलत फिरायचा. आता त्याला ते आठवलं आणि चिडून रडू यायची वेळ आली. आडवं केलं की चालतं, उभं केलं की बंद. इतकी साधी गोष्ट. या घरातल्या सगळ्या माणसांनी मिळून, जीव लावून, रबर सोडून टाकलं होतं. आणि त्यांना ओरडावं तर आवाजच नाही.

मग त्याने ठरवून खुर्चीतून खाली घसरायला सुरुवात केली. डावा पाय चालत होता, त्याच्या जोरावर तो पुढे सरकला आणि धप्पकन फरशीवर बसला, मग आडवा झाला. छत दिसलं, पंखा दिसला, आणि खरोखरच बोटं हलली. "नका... उचलू," तो म्हणाला. "बरं वाटतं. इथेच." पण या वेळी त्याचं स्वच्छ बोलणंच त्याच्या अंगावर उलटलं. मरणाऱ्या माणसाला शेवटी घटकाभर शुद्ध येते, तो नीट बोलतो, सगळ्यांना ओळखतो, असं अक्काने आयुष्यभर पाहिलं आणि सांगितलं होतं. तिने तोंडावर हात घेतला. "मायवं, बोलना वं तो!" ती यशोदाला म्हणाली. तो बोलला याचा त्या आवाजात आनंद नव्हता, धसका होता. यशोदाचंही अवसान गेलं. पुन्हा सगळे हात आले. कुणाच्या हाताला शिकेकाईचा वास होता, कुणाच्या हाताला दुकानातल्या हिंगाचा, आणि ते सगळे मिळून त्याला वर ओढत होते.

"त्यांनीच सांगितलंय ना," यशोदा कुंदनला म्हणाली, त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरून. "जीव असेपर्यंत मला भुईवर घ्यायचं नाही म्हणून."

"जवलोंग जीव शे तवलोंग नही," अक्का म्हणाली. "त्यानीच सांगेल शे."

सांगितलं होतं. कसं नाही म्हणणार? अमळनेरजवळच्या गावात बाप आजारी पडला तेव्हा लीलाधर नववीत होता आणि अक्का नुकतीच कुंकू पुसून माहेरी परत आली होती. जाणत्या लोकांनी नाडी पाहिली, माना हलवल्या, आणि बापाला, सुकदेवबापूंना, खाटेवरून उचलून सारवलेल्या जमिनीवर घेतलं. थंडीचे दिवस होते. तोंडात तुळशीचं पान घातलं, उशाशी दिवा लावला, माणसं बसून राहिली. आणि बापाने डोळे उघडले. "माले खाटवर ठेवा," तो म्हणाला, "थंडी वाजस." अक्का खाट घेऊन यायला निघाली तर तिला बायकांनी धरून ठेवलं. एकदा भुईवर घेतलेल्या माणसाला परत वर घेत नाहीत, घराला बरं नसतं. बाप रात्रभर कुडकुडला, मध्ये मध्ये खाट मागत राहिला, आणि उजाडताना गेला. आजारपणाने गेला की थंडीने, हे कुणी विचारलं नाही. पुढे लीलाधर नोकरीला लागला, धुळ्यात घर बांधलं, अक्काला घेऊन आला, आणि पहिल्यांदा रक्तदाब वाढल्याचं निघालं त्या दिवशी जेवताना त्याने स्टँडवरच्या आवाजात जाहीर केलं होतं, की माझ्यावर वेळ आली तर मला कुणीही, कुणाच्याही सांगण्यावरून, खाली घ्यायचं नाही. ताटावर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. अक्काने त्या दिवशी त्याला आग्रहाने आणखी एक पुरणपोळी वाढली होती.

म्हणजे ही माणसं त्याचा शब्द पाळत होती. यात संताप कुणावर काढायचा, हेही कळेनासं झालं. अक्कावर काढावा तर तिला धरून ठेवणाऱ्या त्या बायका डोळ्यांसमोर येत होत्या. स्वतःवर काढावा तर आता त्याला वेळ नव्हता. त्याला एवढंच हवं होतं की कुणीतरी दोन मिनिटं मूर्ख व्हावं, शब्द मोडावा, आणि त्याला आडवं पडू द्यावं.

अखिलच्या गाडीतून त्याला धुळ्यातल्याच दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोक्याची तपासणी करायला त्याला यंत्राच्या फळीवर झोपवलं तेव्हा तो पुन्हा बोलला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, "झोपलं की बोलता येतं मला," हेसुद्धा सांगितलं. पण काचेपलीकडे बसलेल्या मुलाला फक्त त्याने न हलणं हवं होतं. "काका, बोलू नका, चित्र खराब येतं," तो म्हणाला. फळी बाहेर आली, वॉर्डबॉयने त्याला चाकांच्या खुर्चीत बसवलं, आणि सगळं पुन्हा गेलं. डॉक्टर भला माणूस होता. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन त्याने लगेच दिलं, आणि कुंदनला बाजूला घेऊन समजावलं, की मेंदूकडे जाणारी मोठी नस जवळजवळ बंद आहे, नुसत्या औषधाने मोकळी होणार नाही. मांडीतून तार घालून गाठ ओढून काढावी लागेल, तरच रक्त पोचेल. ती सोय जळगावला आहे, मी फोन करतो, तुम्ही निघा. आणि सपाट झोपवून न्या, डोकं वर नको. लीलाधर खुर्चीत मान टाकून हे ऐकत होता. शेवटचं वाक्य ऐकून त्याला त्या डॉक्टरचे पाय धरावेसे वाटले.

पण दवाखान्याची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली होती आणि अखिलची गाडी दाराशी उभी होती. थांबायचं की निघायचं, यात निघायचं ठरलं. कुंदनने मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणाले झोपवून न्या."

अक्का दारातच उभी राहिली. "आडवा करीसन कोनले लई जातंस, माहीत शे ना तुले?" तिने विचारलं.

कुंदनला माहीत होतं, आडवं करून मढ्यालाच नेतात. तीस वर्षांचा, वीज केंद्रात यंत्रांवर काम करणारा मुलगा, पण त्या प्रश्नापुढे तोही उघडलेलं दार हातात तसंच धरून उभा राहिला. त्यातच त्याचा मोबाइल वाजला, जळगावच्या दवाखान्यातून फोन होता, तो बोलत बोलत पुढे जाऊन बसला. "सीटवर पाय तरी कुठे पुरतात," असं काहीतरी म्हणाला, कुणाला उद्देशून म्हणाला कोण जाणे. लीलाधरला मधे बसवलं. एका बाजूला यशोदा, दुसऱ्या बाजूला अक्का. तो पुढे घसरू नये म्हणून अखिलने मागे वळून पट्टा ओढला आणि त्याच्या पोटावर खट्‌कन लावला. "आता काका हलणार नाहीत," तो म्हणाला. अखिलच्या त्या खट्‌कन आवाजाने लीलाधरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि यशोदाने ते पदराने पुसलं.

महामार्ग त्याला तोंडपाठ होता. पारोळ्याला किती गाड्या थांबतात, एरंडोलला कुठली गाडी नेहमी उशिरा येते, कुठल्या वळणावर चालक चहाला उतरतात. बाजूने जळगावहून येणारी लाल गाडी गेली, तिच्यावरची पाटी त्याने बघितली, आणि ती पाटी वाचता आली नाही. अक्षरं दिसत होती, पण काय म्हणतायत ते कळत नव्हतं. तेव्हा त्याला खरी भीती वाटली. आतापर्यंत फक्त तोंड बंद होतं, आत तो होता. आता आतूनही काहीतरी विझत चाललं होतं. त्याने मनातल्या मनात गावं म्हणायला घेतली. पारोळा म्हणता आला. एरंडोल म्हणता आलं. पुढचं आलं नाही. मग त्याने भांडायचं भाषण तयार केलं. जळगावला आडवं करतील, शब्द परत येतील, तेव्हा एकेकाला काय काय सुनवायचं! अक्काला सांगायचं की तू बापाला वाचवू शकली नाहीस म्हणून मला मारते आहेस. कुंदनला सांगायचं की डॉक्टरचं ऐकून घेतलंस आणि म्हातारीपुढे शेपूट घातलंस. यशोदाला काय सांगायचं ते ठरेना. त्याचं डोकं मागे झुकलं, थोडं खाली आलं, करंगळीला मुंगी आली न आली तोच तिने मायेने त्याच्या मानेखाली हात घालून ते पुन्हा ताठ केलं. "नीट बसा हो," ती म्हणाली, "आलंच आता." इतका वेळ तो भार ती एका हातावर तोलत होती, आणि एकदाही तक्रार न करता. त्याला तिला चावावंसं वाटलं.

जळगावला मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. गाडीतून उतरवतानाच दोघांनी त्याला सपाट ढकलगाडीवर घेतलं, पायाकडची बाजू जराशी उंच केली आणि पळवत आत नेलं. छतावरचे दिवे एकामागून एक गेले. केस आखूड कापलेल्या एक तरुण डॉक्टरबाई त्याच्यावर वाकल्या. "काका, नस पूर्ण बंद झालेली नाही," त्या मोठ्याने सांगू लागल्या, "बारीकशी फट आहे. तुम्ही आडवे असलात की तेवढ्यातून रक्त मेंदूपर्यंत जातं, बसलात की चढत नाही. आता गाठ काढून टाकू, हलायचं नाही." तो नुसता त्यांच्याकडे बघत राहिला. सकाळपासून एकट्याने छातीशी धरून ठेवलेली गोष्ट कुणीतरी पोटभर बोलून दाखवली होती. शब्द या वेळी लगेच आले नाहीत. त्याने वाट पाहिली, सकाळसारखी ऊब येईल म्हणून वाट पाहिली, आणि ती आली तेव्हा फार थोडी आली. मांडीत सुई टोचली. पुढचं त्याला तुटक आठवतं, पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या नसा, आणि त्यांतली एक बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अचानक भरत गेली. कुणीतरी "निघाली" म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तसाच सपाट पडलेला होता. शब्द येत होते. सावकाश, मध्ये मध्ये अडत, पण येत होते. "यशोदा" म्हटलं की तीच समोर येत होती. उजवा हात चादरीवर होता आणि तिथेच होता. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी खिडकीच्या उजेडात तपासणीचं चित्र धरलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. कुंदन आला, यशोदा आली, अक्का पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"हा डाग बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "धुळ्याच्या चित्रात हा नाही. एवढा भाग काल सकाळी जिवंत होता. बोलणं बरंचसं सुधारेल, पण उजवा हात पूर्वीसारखा व्हायचा नाही." त्या थांबल्या आणि चित्र खाली घेतलं. "धुळ्याच्या डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं होतं की सपाट झोपवून आणायला सांगितलंय. तुम्ही बसवून आणलंत. का? कुणी सांगितलं बसवायला?"

कुंदनने मोबाइल खिशातून काढला आणि परत ठेवला. यशोदा लीलाधरच्या उजव्या हाताकडे बघत होती. काल याच हाताला धरून आपण त्याला वर ओढलं, हे तिला आता कळत होतं, आणि ते कळताना तिच्या तोंडावरून सगळा रंग उतरत गेला. लीलाधरने अक्काकडे पाहिलं. अक्काचे ओठ हलत होते. ती बोलणार होती. खरं ते सांगायला ती कधी कचरली नव्हती, आताही सांगणार होती, आणि पलंगाचा दांडा तिने असा धरला होता की जणू पुन्हा कुणी तिला मागे ओढतंय. गाडीत तयार केलेलं सगळं भाषण लीलाधरच्या जिभेवर होतं. एकही शब्द हरवलेला नव्हता. या क्षणासाठीच तर त्याने ते पारोळ्यापासून जपून आणलं होतं.

"मीच," तो म्हणाला. जीभ अडली, त्याने पुन्हा जोर केला. "मीच बसलो. झोपायला... नाही म्हटलं मी."

कालपासून त्याचं कुणी ऐकून घेतलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही खोटं निघालं. त्याला इतका राग आला की डाव्या हाताने त्याने चादर मुठीत चुरगाळली. डॉक्टरबाईंनी मान हलवली. "काका, नोकरीत चारचौघांना शिस्त लावणारी माणसं तुम्ही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर सांगतात तेव्हा ऐकायचं नसतं का? हा तुमचा हट्ट तुमच्या हातावर बेतला. आणि घरच्यांनी तरी तुमचं का ऐकावं?" यशोदाने एकदम तोंड फिरवलं आणि खिडकीकडे गेली. अक्काने दांड्यावरची पकड सोडली. तिच्या छातीतून मोठा श्वास बाहेर आला, आणि ती दोन पावलं पुढे आली.

"हट्टीच शे तो, डाक्टरबाई," ती म्हणाली. "न्हानपनफाईन. कोनं ऐकस का तो!"

लीलाधरला बोलता येत होतं. तो छताकडे बघत पडून राहिला, आणि अक्का डॉक्टरबाईंना त्याच्या लहानपणीच्या एका हट्टाची गोष्ट सांगू लागली.